घरातल्या वडीलधाऱ्यांचे कोलेस्टेरॉल



आपल्या पत्रिकेकडे येणारी विचारणा पूर्वी ठरलेली असे. आडसालीला खताचा दुसरा हप्ता कधी द्यावा, हुमणीवर काय करावे, खोडवा ठेवावा की मोडावा. अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. गट ऑफिसात उसाच्या बिलाची चौकशी करायला आलेला सभासद काम झाल्यावर खिशातून लॅबचा कागद काढतो आणि विचारतो, "आबांचं कोलेस्टेरॉल दोनशे अडतीस आलंय. आबा सत्त्याऐंशीचे. आता काय करायचं?"

काय करायचे याचा निर्णय बहुतेक घरांत विचारण्याआधीच झालेला असतो. तूप बंद, सायीचे दूध बंद, अंडे बंद, शेंगदाण्याची चटणी बंद. सूनबाई हे सारे काळजीपोटीच करीत असते, तिला दोष नाही. आबा दोन दिवस कुरकुरतात, मग "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून गप्प बसतात आणि अर्धी भाकरी खाऊन उठतात. काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले की आकडा उतरलेला दिसतो. त्याबरोबर वजनही उतरलेले असते, पण ते कोणी मोजलेले नसते. घर मात्र समाधान पावते. हे समाधान खरे की खोटे, हाच या लेखाचा विषय आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु या प्रश्नावर जगात नावाजलेल्या ठिकाणी मोठा अभ्यास झालेला आहे आणि तो प्रसिद्धही झालेला आहे. त्यातून निघालेली गोष्ट सरळ आहे : पंचेचाळिशीच्या माणसाच्या रिपोर्टातला २३८ आणि सत्त्याऐंशीच्या माणसाच्या रिपोर्टातला २३८ हे दोन वेगळे आकडे आहेत. लागणीच्या उसाचा खताचा तक्ता खोडव्याला जशाच्या तसा लावीत नाही, तसेच हे आहे.

हा पदार्थ आहे तरी काय?

कोलेस्टेरॉल हा बाहेरून आलेला कचरा नव्हे. तो मेणासारखा एक पदार्थ आहे आणि शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. अन्न पचविणारे पित्त त्यापासून बनते, कित्येक हार्मोन्स त्यापासून बनतात, आणि उन्हामुळे कातडीत जे 'ड' जीवनसत्त्व तयार होते त्याचा कच्चा मालही याच जातीचा. यातला मोठा भाग आपले यकृत स्वतःच तयार करते. ताटातून येणारा वाटा त्यामानाने लहान. म्हणूनच गळ्यात माळ घातलेल्या वारकऱ्याचाही आकडा कधीकधी भरपूर निघतो आणि घरचे चकित होऊन म्हणतात, "यांनी तर उभ्या जन्मात अंडं शिवलं नाही!"

हा पदार्थ प्रथम सापडला तो पित्ताच्या खड्यांत. मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१५ च्या सुमारास त्याला नाव दिले, पित्त आणि घट्ट या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून. हे गृहस्थ १७८६ साली जन्मले व १८८९ साली वारले, म्हणजे चांगले १०२ वर्षे जगले. त्यांचे स्वतःचे कोलेस्टेरॉल किती होते ते मोजण्याची सोय त्या काळी नव्हती.

मेण पाण्यात विरघळत नाही, तसे कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. त्याला वाहनात घालून न्यावे लागते. यकृतातून माल भरून शरीरभर नेणारे वाहन म्हणजे एलडीएल, आणि उरलासुरला माल परत आणणारे एचडीएल. रिपोर्टात ही नावे असतातच. कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची गर्दी झाली की ऊस सांडतो. तशी एलडीएलची गर्दी वर्षानुवर्षे राहिली की माल रक्तवाहिनीच्या भिंतीत साचू लागतो, भिंत जाड होते, वाट अरुंद होते आणि एके दिवशी तिथे रक्ताची गाठ बसते. गाठ हृदयाच्या वाहिनीत बसली की हार्ट अटॅक, मेंदूच्या वाहिनीत बसली की लकवा.

हे ज्ञान फुकट मिळालेले नाही. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम नावाचे गाव आहे. तेथे १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून त्यांची वर्षानुवर्षे तपासणी झाली, आणि जास्त कोलेस्टेरॉल, जास्त रक्तदाब व विडी-सिगारेट यांचा हृदयविकाराशी संबंध पक्का ठरला. पुढे १९८८ साली अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत असावे, २४० व त्यापुढे ते जास्त समजावे, अशा रेघा आखल्या. आपल्या गावच्या लॅबच्या कागदावर उजव्या बाजूला छापलेली रेघ तीच. पण फ्रॅमिंगहॅमची मंडळी सुरुवातीला ३० ते ६२ वयाची होती हे ध्यानात ठेवावे. कागदावरची रेघ मात्र वय विचारीत नाही. तीस वर्षांच्या नातवाच्या आणि नव्वद वर्षांच्या आज्याच्या कागदावर ती एकच असते.

आता तरुण आणि मध्यमवयीन सभासदांनी पुढचे वाचून भलताच अर्थ काढू नये म्हणून येथेच सांगून टाकतो. तुमच्या वयात हा आकडा गंभीरपणेच घ्यायचा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत पहिला हार्ट अटॅक येण्याचे सरासरी वय दक्षिण आशियातील लोकांत ५३, तर बाकीच्या देशांत जवळजवळ ५९ निघाले. आपल्याकडे हे दुखणे सहा वर्षे आधी दाराशी येते. पंचेचाळिशीचा ऊसवाला तंबाखू मळीत "म्हाताऱ्यांना चालतं तर मला का नाही" म्हणू लागला, तर त्याने हा अंक वाचलाच नाही असे आम्ही समजू.

लायडेन गावचे म्हातारे

हॉलंडात लायडेन हे जुन्या विद्यापीठाचे गाव आहे. (तिकडे साखर बीटापासून होते आणि बीट पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची स्वतःची सहकारी संस्थाही आहे, सहकार काही आपल्याच मुलखात आहे असे नाही.) या गावातील डॉक्टर मंडळींनी १९८६ साली एक वेगळेच काम हाती घेतले. ज्यांच्याकडे संशोधक सहसा पाहत नाहीत, त्या ८५ वर्षांच्या पुढच्या माणसांकडे ते गेले. औषधांच्या बहुतेक चाचण्यांत इतक्या वयाच्या माणसांना घेतच नसत. त्यांना दहा दुखणी असतात, हिशोब बिघडतो. लायडेनच्या मंडळींनी मात्र ७२४ वृद्धांचे कोलेस्टेरॉल मोजले. यांतले निम्मे ८९ च्या आतले, निम्मे वरचे. मग १९९६ च्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे दहा वर्षे, कोण केव्हा व कशाने वारले याची नोंद ठेवली. त्या काळात ६४२ जण गेले. वयच तसे होते.

सर्वांचे तीन गट पाडले होते. आपल्या रिपोर्टाच्या भाषेत सांगायचे तर पहिला गट सुमारे १९३ च्या आतला, दुसरा १९३ ते २५० चा, आणि तिसरा २५० च्या वरचा. ज्याला आपली लॅब ठळक अक्षरांत छापते तो तिसरा गट. लोकांची अपेक्षा काय असणार? तिसरा गट आधी जाईल. झाले उलट. कोलेस्टेरॉल दर ३९ ने जास्त असेल तसा मृत्यूचा धोका १५ टक्क्यांनी कमी आढळला. हृदयविकार व रक्तवाहिन्यांचे विकार हेच मृत्यूचे सर्वांत मोठे कारण होते, पण त्याचे प्रमाण तिन्ही गटांत सारखेच निघाले. फरक पडला तो दुसरीकडे : कॅन्सर आणि जंतुसंसर्ग यांनी होणारे मृत्यू जास्त कोलेस्टेरॉलवाल्या गटात कमी होते. १९९७ साली 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय पत्रात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि बरीच खळबळ उडाली.

एका गावावरून निकाल देऊ नये, हे आपल्याला ऊस संशोधनावरून ठाऊक आहे. एकाच माळावर आलेली जात सगळीकडे येतेच असे नाही. म्हणून दुसरे ठिकाण पाहू. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर जपानी वंशाचे पुष्कळ लोक राहतात. यांचे वाडवडील तिकडे गेले ते बहुतांशी उसाच्या मळ्यांवर मजुरी करायला. (त्याच हवाईतला शेवटचा ऊस-कारखाना २०१६ साली बंद झाला.) होनोलुलू येथे अशा पुरुषांची तपासणी १९६५ पासून चालू होती. १९९१ ते ९३ च्या दरम्यान त्यांतले ३,५७२ जण ७१ ते ९३ वयाचे झाले होते आणि त्यांचे वीस वर्षांपूर्वीचे आकडेही दप्तरात होते. २००१ साली निकाल आला : वीस वर्षांपूर्वीही कमी आणि म्हातारपणीही कमी, असे ज्यांचे कोलेस्टेरॉल होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त. एवढ्या म्हातारपणी आकडा खाली ओढण्याने भले होते, हे यावरून तरी म्हणता येत नाही.

पिवळे पान

असे का व्हावे? कोलेस्टेरॉल म्हातारपणी एकाएकी अमृत होते काय? तसे मुळीच नाही. येथे आपल्या धंद्यातलाच दाखला उपयोगी पडेल.

हुमणी लागलेला ऊस पिवळा पडतो. पिवळेपणा हा रोग नव्हे, ती खूण. अळी खाली मुळ्या खात असते आणि वर पान पिवळे दिसते. पान पिवळे पडल्यामुळे ऊस मेला असे म्हणणारा शेतकरी चुकतो. वरून युरिया फेकून पान हिरवे करू पाहणारा त्याहून जास्त चुकतो. म्हाताऱ्या माणसाचे घसरते कोलेस्टेरॉल हे पुष्कळदा असेच पिवळे पान असते. आत कुठे कॅन्सर वाढत असेल, क्षय असेल, यकृत थकले असेल, थायरॉईड जास्त काम करू लागले असेल, किंवा नुसतेच अन्न कमी जात असेल, तर आकडा खाली येतो. दुखणे आधी आणि कमी आकडा नंतर. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र कमी आकडा आधी दिसतो, मृत्यू मागाहून दिसतो, आणि त्याला वाटते एकाने दुसरे घडविले. म्हणजे लायडेनच्या वृद्धांना जास्त कोलेस्टेरॉलने जगविले असे नव्हे. ज्यांची प्रकृती आतून शाबूत होती त्यांचेच ते टिकून होते, हा जास्त पटणारा अर्थ आहे.

दुसरेही एक कारण आहे. ज्यांच्या शरीराला जास्त कोलेस्टेरॉल सोसत नाही, ते पंच्याऐंशीपर्यंत पोचतच नाहीत. साठीत-सत्तरीत त्यांना हृदयविकाराने गाठलेले असते. दुष्काळात तग धरलेल्या बेटांवरून साऱ्या जातीची परीक्षा करण्यासारखे हे होते. मागे उरलेले मुळातच चिवट. आबांना २३८ घेऊन सत्त्याऐंशी वर्षे काढता आली याचा अर्थ त्यांच्या रक्तवाहिन्यांनी तो आकडा पचविला आहे. याचा अर्थ त्यांच्या मुलाच्याही पचविल्या जातील असा होत नाही.

शिवाय कोलेस्टेरॉल वाहणारे हे कण काही जंतूंचे विष बांधून ठेवतात असे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्याचा म्हाताऱ्या माणसाला प्रत्यक्षात किती फायदा होतो हा शास्त्रज्ञांच्या वादाचा विषय आहे. आपण त्यात पडायला नको.

एवढे मात्र यातून उघड आहे की आकडा वाढावा म्हणून म्हाताऱ्याला वाटीभर तूप पाजणे हाही वेडेपणाच. पानाला हिरवा रंग फासल्याने हुमणी मरत नाही.

गोळीचे काय?

कोलेस्टेरॉलची गोळी म्हणजे स्टॅटिन. आपल्याकडच्या पाकिटांवर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन अशी नावे वाचायला मिळतात. हिचा जन्म बुरशीतून झाला. जपानमधील अकिता भागातल्या शेतकरी कुटुंबात वाढलेले अकिरा एन्डो यांनी सहा हजारांवर बुरशी वगैरे तपासून १९७३ साली या जातीचा पहिला पदार्थ शोधला. हे एन्डो २०२४ साली नव्वदाव्या वर्षी वारले. या गोळीने जगात असंख्य माणसांचे हार्ट अटॅक टाळले आहेत याबद्दल शंका घेऊ नये. प्रश्न फक्त फार म्हाताऱ्यांचा आहे.

त्यावरही काम झाले आहे. स्कॉटलंड, आयर्लंड आणि हॉलंड येथे ७० ते ८२ वयाच्या ५,८०४ जणांवर चाचणी झाली, तिचा निकाल २००२ साली आला. हे सर्व आधीच रक्तवाहिन्यांचा विकार असलेले किंवा त्याचा जास्त धोका असलेले होते. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची. सरासरी तीन वर्षांच्या वर पाहिल्यावर हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा लकवा यांपैकी काही ना काही पिठाच्या गोळीवाल्यांत शंभरांत सोळा जणांना झाले, खऱ्या गोळीवाल्यांत चौदा जणांना. फायदा झाला, पण एकूण मृत्यूंची संख्या दोन्हीकडे जवळजवळ सारखीच राहिली. पुढे २०१९ साली २८ चाचण्यांचा एकत्र हिशोब मांडण्यात आला. त्यात १,८६,८५४ माणसे होती, पण पंचाहत्तरीच्या पुढची केवळ १४,४८३. निष्कर्ष असा : ज्यांना आधी हार्ट अटॅक, लकवा असे काही होऊन गेले आहे त्यांना पंचाहत्तरीनंतरही गोळीचा उपयोग होतो. ज्यांना असे काहीच झालेले नाही त्यांच्या बाबतीत पुरावा तोकडा आहे. नेमक्या याच प्रश्नासाठी ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत सत्तरीच्या व पंचाहत्तरीच्या पुढच्या हजारो निरोगी माणसांवर खास चाचण्या हाती घेण्यात आल्या, यावरूनच प्रश्न किती खरा होता ते कळावे.

तेव्हा घरात प्रथम विचारायचे ते असे : आबांना पूर्वी अटॅक येऊन गेला आहे काय? स्टेंट बसविला आहे, बायपास झाली आहे, लकव्याचा झटका येऊन गेला आहे काय? यांपैकी काही असेल तर गोळी ही चैन नव्हे आणि ती परस्पर बंद करायची नाही. फ्रान्समध्ये पंचाहत्तर वर्षांच्या १,२०,१७३ माणसांची नोंद तपासली गेली. हे सारे गोळी नियमित घेणारे होते आणि त्यांना आधी हृदयविकार झालेला नव्हता. तरीसुद्धा ज्यांनी मधेच गोळी सोडली त्यांच्यात हृदय वा रक्तवाहिन्यांच्या दुखण्याने दवाखान्यात भरती होण्याचा धोका ३३ टक्क्यांनी जास्त आढळला. हेही २०१९ सालचेच. अर्थात काहींनी प्रकृती ढासळल्यामुळेच गोळी सोडली असेल, म्हणजे येथेही पिवळ्या पानाचा घोळ थोडाफार आहेच. पण शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळी सोडणाऱ्याला तेवढे ऐकून ठेवायला हरकत नाही.

आणि एक दुसरे टोक. जो माणूस अंथरुणाला खिळला आहे, आजार शेवटाकडे गेला आहे, एक गोळी गिळतानाही ज्याला ठसका लागतो, त्याला कोलेस्टेरॉलची गोळी चालू ठेवण्यात अर्थ आहे काय? अमेरिकेत अशा ३८१ रुग्णांवर चाचणी झाली, २०१५ साली प्रसिद्ध झाली. गोळी थांबविल्याने मृत्यू वाढले नाहीत आणि माणसांना जरा बरेच वाटले. असा निर्णय डॉक्टरांशी बोलून घेता येतो. त्यात आई-बापाची आबाळ केली असे मनाला लावून घ्यायचे कारण नाही.

मात्र "म्हातारपणी गोळ्यांचा उपयोग नाही" असे सरसकट कोणी म्हणेल तर त्याला रक्तदाबाचे उदाहरण द्यावे. ८० च्या पुढच्या, वरचा रक्तदाब १६० वा जास्त असलेल्या ३,८४५ माणसांवर युरोप, चीन वगैरे ठिकाणी चाचणी झाली. २००८ साली निकाल आला. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांत मृत्यू पाचव्या हिश्श्याने कमी झाले, हृदय कमजोर होऊन दम लागण्याचे प्रकार निम्म्याहून जास्त घटले. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. आमच्या पाहण्यात उलटाच प्रकार फार येतो. कोलेस्टेरॉलचा आकडा कागदावर ठळक छापलेला असतो म्हणून त्याची सगळ्या घराला धास्ती, आणि बी.पी.ची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून पंधरा-पंधरा दिवस बंद! एवढ्या वयात घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळायची गोळी कोणती असेल, तर आमच्या मते ती बी.पी.ची.

ताटाविषयी

म्हाताऱ्या माणसाच्या शरीरातले मांस वर्षागणिक कमी होत जाते. पायांतली ताकद जाते, उठताना हात टेकावा लागतो, मग मोरीत पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. खुबा मोडलेला म्हातारा कितीदा पुन्हा शेतावर चालत गेला, हे ज्याने त्याने आपल्या भावकीत आठवून पाहावे. हे टाळायला चालणे हवे आणि ताटात प्रथिने हवीत. साठी-पासष्टीच्या पुढे दर किलो वजनामागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने असावीत असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टर सांगतील तसे.) आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात दात नसतात. उसळ चावत नाही, मटण चावत नाही. त्यांची सगळी भिस्त दूध-भाकरी कुस्करून, ताक-भात, पातळ आमटी, उकडलेले अंडे, शेंगदाण्याचे बारीक कूट यांवर. कोलेस्टेरॉलच्या नावाखाली आपण नेमके तेच काढून घेतो. मग खाली राहते काय? चहा आणि बिस्कीट.

दूध, दही, अंडे, कूट चालू द्यावे. भाकरीवर चमचाभर तूपही चालू द्यावे, त्याने घास गिळायला सोपा जातो आणि दोन घास जास्त जातात. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर किती, हे डॉक्टरांना विचारावे. वनस्पती तुपाची बाब निराळी. ते कारखान्यात तेल घट्ट करून बनविताना त्यात जी ट्रान्स फॅट तयार होत असे ती रक्तवाहिन्यांना खरोखरच घातक. सरकारने २०२२ पासून तिच्यावर दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे. आणि तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' छापलेले पाहून जादा पैसे मोजू नयेत. झाडापासून निघालेल्या कोणत्याच तेलात कोलेस्टेरॉल नावाला असते, आपल्या घाण्याच्या शेंगदाणा तेलातही.

साखरेबद्दल आम्ही काय लिहितो याकडे काही वाचकांचे लक्ष असेल. लिहितो : जादा साखरेने रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते, आणि गुळाने वाढत नाही असे नाही. कारखाना आपला असला तरी रक्त आपल्या कारखान्याचे सभासद नाही.

उसाचाच विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. उसाच्या कांडीवर पांढरट मेण असते. गाळपात त्यातले बरेचसे प्रेसमडमध्ये जाते. क्यूबामधील संशोधकांनी उसाच्या मेणापासून पॉलिकोसॅनॉल नावाचा पदार्थ काढला आणि त्याने कोलेस्टेरॉल चांगले उतरते असे अनेक लेख प्रसिद्ध केले. त्याच्या गोळ्या देशोदेशी विकल्या गेल्या. आपल्याला आनंदच झाला असता. प्रेसमडला भाव आला असता. पण जर्मनीत १४३ रुग्णांवर स्वतंत्रपणे चाचणी झाली, तेव्हा या पदार्थात आणि पिठाच्या गोळीत काहीच फरक दिसला नाही. हे २००६ सालचे. तेव्हा 'उसापासून बनविलेले नैसर्गिक औषध' म्हणून कोणी डबी घेऊन दारी आला तर त्याला पाणी द्यावे, पैसे देऊ नयेत. प्रेसमड शेतात घालावे.

आकडा खाली आला तर

ऐंशीच्या पुढच्या माणसाचा आकडा औषध न वाढविता खाली आला असेल तर त्याकडे पाहावे. पूर्वीचे रिपोर्ट टाकून देऊ नका. एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधली घसरण जास्त सांगते. दर महिन्याला वजन करावे. घरात काटा नसेल तर दुकानातल्या काट्यावर करावे. धोतर सैल होणे, बांगड्या कोपरापर्यंत सरकणे, चोळी ढगळ होणे या खुणा घरच्या बायकांच्या आधी लक्षात येतात, त्यांचे ऐकावे. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, भूक मरणे, यांपैकी काही असेल तर कोलेस्टेरॉल उतरल्याचा आनंद न मानता थुंकी तपासून घ्यावी; सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व औषध मोफत आहे. उलट आकडा एकदम चढला असेल, माणूस सुस्तावला असेल, थंडी फार वाजत असेल, तर थायरॉईड मंद झाले असण्याचा संभव असतो. ते उपचाराने सुधारते आणि आकडाही आपोआप खाली येतो.

मोठा ताप, न्यूमोनिया किंवा ऑपरेशन यानंतर काही आठवडे कोलेस्टेरॉल कमीच लागते. त्या काळातला रिपोर्ट जमेस धरू नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावा.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, मलमे, काढे, चूर्णे एका पिशवीत घालून न्यावीत. नाव सांगता येत नसले तरी पाकीट दाखविता येते, आणि एकच गोळी दोन नावांनी चालू असल्याचे कितीतरी वेळा अशा पिशवीतूनच उघडकीस येते. स्टॅटिन घेतल्यापासून मांड्या-पोटऱ्या दुखत असतील तर तेही सांगावे. डोस कमी करता येतो किंवा गोळी बदलता येते.

शेवटी रक्त देण्याविषयी. कोलेस्टेरॉलसाठी उपाशी राहावे लागते अशी समजूत आहे, आणि त्यापायी म्हातारी माणसे सकाळी सहापासून अकरापर्यंत बसस्टँडवर आणि लॅबच्या बाकावर चहाशिवाय ताटकळत बसतात. नेहमीच्या तपासणीला उपाशीपोटाची गरज नाही असे युरोपातील तज्ज्ञांनी २०१६ सालीच जाहीर केले आहे. ट्रायग्लिसराइड फार जास्त असेल तरच डॉक्टर तसे सांगतात. उपाशीपोटीची साखर तपासायची असेल तर मात्र उपाशी जावे लागेल. अशा वेळी मधुमेहाची सकाळची गोळी किंवा इन्शुलिन केव्हा घ्यायचे हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे, पहिला नंबर लावावा, आणि पिशवीत भाकरी बांधून न्यावी.